वस्ताद, दादा आणि सेन्सेई

आमच्या वर्गांतील मुलांनीं या वर्षीं आम्हांस एक प्रश्न निरनिराळ्या प्रकारें विचारला. आखाड्यांत शिकविणाऱ्यास वस्ताद म्हणतात, कराटे शिकविणाऱ्यास सेन्सेई म्हणतात, खेळाच्या मैदानावर कोच म्हणतात आणि शाळेंत तर सर्वांनाच सर म्हणतात. मग या सर्वांत मोठा कोण? प्रश्न मुलांचा असला तरी त्याचें उत्तर पालकांनाहि हवें आहे, असें आम्हांस वाटतें. आमच्या वाशीम जिल्ह्यांत तालुक्यांच्या गांवीं आतां कराटे व तायक्वांदो यांचे वर्ग निघाले आहेत. त्यांच्या फलकांवर शिक्षकाच्या नांवाच्या मागें-पुढें जीं विशेषणें लिहिलेलीं असतात, तीं वाचूनच पुष्कळ आईबापांना आपल्या मुलाचा किंवा मुलीचा हात कोणाच्या हातीं द्यावयाचा हें ठरवावें लागतें. म्हणून हे शब्द कोठून आले, त्यांचा मूळ अर्थ काय, आणि त्या अर्थानें शिकविणाऱ्यावर कोणतें ओझें टाकलें आहे, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घरच्या शब्दांपासून आरंभ करूं. वस्ताद हा मूळचा फारसी ‘उस्ताद’. मराठींत येतांना त्याच्या आरंभींच्या ‘उ’ चा ‘व’ झाला. कोणत्याहि हुन्नरांत जो पुरा मुरलेला आहे आणि जो तो हुन्नर दुसऱ्यास शिकवितो, तो उस्ताद. मग तो गवई असो, तबलजी असो कीं कुस्ती शिकविणारा असो. हा वस्ताद जेथें शिकवितो त्या जागेस देशावर तालीम म्हणतात. तालीम हा शब्द अरबी असून त्याचा अर्थच मुळीं शिक्षण असा आहे. म्हणजे पुण्याचा किंवा कोल्हापूरचा पोरगा ‘तालमींत जातों’ म्हणतो, तेव्हां तो नकळत ‘शाळेंत जातों’ असेंच म्हणत असतो. आमच्या वऱ्हाडांत आखाडा हा शब्द अधिक रुळलेला आहे. तो संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून झाला. ज्या मुलांना तालीम ही शाळेच्या उलट दिशेची वाट वाटते, त्यांनीं हा शब्दार्थ ध्यानांत घ्यावा.

पैलवान आणि वस्ताद हे शब्द लोक पुष्कळदां एकाच माणसास लावतात. परंतु त्यांच्यांत मोठें अंतर आहे. पैलवान तो जो स्वतः लढतो. वस्ताद तो जो लढणारे तयार करतो. गणपतराव आंदळकर हे १९६० सालीं हिंदकेसरी झाले. ही पदवी त्यांनीं मैदान मारून मिळविली. पुढें कोल्हापूरच्या मोतीबाग तालमींत त्यांनीं अनेक वर्षें मल्ल घडविले, तेव्हां ते लोकांच्या तोंडीं वस्ताद झाले. हिंदकेसरी होण्यास एक मैदान पुरतें. वस्ताद होण्यास मात्र दुसऱ्यांचीं मुलें लागतात, आणि तीं वर्षानुवर्षें सांभाळावीं लागतात. ‘महाराष्ट्रकेसरी’, ‘रुस्तुम-इ-हिंद’ या सर्व पदव्या जिंकणाराच्या आहेत, शिकविणाराच्या नव्हेत. ज्यानें स्वतः पुष्कळ कुस्त्या मारल्या त्यास शिकवितां येईलच असें नाहीं. आणि उलट कित्येक नामांकित वस्ताद स्वतः मोठे जेते नव्हते.

वस्तादाचें काम तरी काय असतें? डाव आणि त्या डावाची तोड दाखविणें एवढेंच आपल्या डोळ्यांस दिसतें. परंतु हौद्यांतील तांबडी माती चाळून, तींत तेल, ताक, हळद व लिंबू घालून ती मऊ राखणें हें वस्तादाच्या नजरेखालीं होतें, कारण ती माती कठीण झाली तर पोरांचे खांदे निखळतात. कोणीं किती जोर मारावयाचे, किती बैठका काढावयाच्या, आजारांतून उठलेल्यानें किती दिवस मातींत उतरावयाचें नाहीं, हेंहि तोच ठरवितो. आणि सर्वांत नाजूक काम म्हणजे जोड लावणें. वजन, वय, तयारी आणि स्वभाव पाहून कोणाला कोणासमोर उभें करावयाचें, हें ज्याला कळत नाहीं त्याला शंभर डाव येत असले तरी आम्ही त्यास वस्ताद म्हणणार नाहीं. झोंबी चालली असतां वस्ताद हौद्याच्या कडेला बसून असतो. कोणाचा हात वांकडा अडकला कीं त्याच्या तोंडून ‘सोड’ हा शब्द निघतो, आणि तो शब्द निघतांच दोघेहि थांबतात. वस्तादाचा अधिकार कशांत आहे असें कोणी विचारील, तर आम्ही त्या एका शब्दाकडे बोट दाखवूं.

या पदवीचें एक थोर उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १७९४ सालीं झाला व ते १८८१ मध्यें वारले. पुण्यास त्यांची तालीम होती. तेथें कुस्ती, दांडपट्टा, निशाणबाजी वगैरे विद्या ते शिकवीत. जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं या विद्या त्यांच्यापाशीं शिकल्या. लहुजी हे मांग जातीचे. ज्या काळीं त्यांच्या जातीच्या मुलास शाळेच्या ओट्यावर बसूं देत नसत, त्या काळीं इतर जातींचीं मुलें त्यांच्या तालमींत येऊन त्यांस वस्ताद म्हणून वंदन करीत. ही पदवी त्यांना सरकारनें दिली नाहीं, कोणत्या पीठानें दिली नाहीं, आणि जन्मानें तर ती मिळण्यासारखी नव्हतीच. शिष्य म्हणूं लागले, पुणें म्हणूं लागलें, आणि आतां नांव व पदवी अशीं एकजीव झालीं आहेत कीं नुसतें ‘लहुजी’ असें सहसा कोणी म्हणत नाहीं.

येथें आमच्यासारख्या मिशनशाळेंतील शिक्षकास एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जोतीराव १८४१ ते १८४७ पर्यंत पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत होते. म्हणजे एकच मुलगा एकीकडे मास्तरांपाशीं इंग्रजी शिकत होता आणि दुसरीकडे वस्तादांपाशीं दांडपट्टा. १८४८ सालीं त्यानें मुलींची शाळा उघडली. पुढें लहुजींच्याच घराण्यांतील मुक्ता नांवाची मुलगी फुल्यांच्या शाळेंत शिकली, आणि तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रांत छापून आला. वस्तादाच्या घरची मुलगी शाळेंत आली आणि शाळेचा मुलगा वस्तादाच्या तालमींत गेला. त्या दोन घरांत मोठें कोण, हा प्रश्न त्यांच्यापैकीं कोणाला पडला असेल असें वाटत नाहीं.

दुसरा शब्द खलिफा. अरबींत याचा अर्थ मागून येणारा, जागा चालविणारा. उत्तर हिंदुस्थानांतील आखाड्यांत व तबल्याच्या घराण्यांत हा शब्द चालतो. खलिफा म्हणवून घेणारा ‘मी पहिला’ असें म्हणत नाहीं; ‘माझ्या आधीं कोणी होता’ असें म्हणतो. हा शब्द मराठी मुलखांत फारसा वापरांत नसला तरी त्याचा अर्थ बडोद्यास प्रत्यक्ष दिसतो. तेथें जुम्मादादा नांवाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांच्यामागें त्यांची गादी त्यांचे शिष्य माणिकराव यांनीं चालविली आणि त्या संस्थेस गुरूचेंच नांव ठेविलें: जुम्मादादा व्यायाममंदिर. माणिकराव मोडलेलीं व निखळलेलीं हाडें बसविण्यांतहि निष्णात होते. मौज अशी कीं लोक त्यांना ‘प्रोफेसर माणिकराव’ म्हणत. त्या काळीं इंग्रजी अमलाच्या प्रभावानें ‘प्रोफेसर’ या शब्दाची एक लाटच आली होती. कॉलेजांतील अध्यापकांना तो शब्द जितका लागे, तितकाच सर्कसवाल्यांना, जादूगारांना व ताकदीचे प्रयोग करणारांनाहि लागे. परक्या भाषेंतील शब्द फलकावर भारदस्त दिसतो, ही समजूत आजकालची नव्हे.

जुम्मादादांच्या नांवांतील ‘दादा’ कडे आतां वळूं. दादा म्हणजे वडील भाऊ. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेले, मल्लखांबाच्या विद्येस नवें रूप देणारे बाळंभटदादा देवधर यांच्या नांवांतहि हाच शब्द आहे. अलीकडे कुस्तींत प्रसिद्ध झालेले हरिश्चंद्र बिराजदार यांस सर्व शिष्यमंडळी ‘मामा’ म्हणत. गुजराथेंत व म्हैसूराकडे पूर्वीं मल्लविद्या ज्यांच्या वंशांत चाले त्यांस जेठी म्हणत. हा शब्द ‘ज्येष्ठ’ या संस्कृत शब्दापासूनच झाला आहे. दादा, मामा, जेठी यांत बळाचा उल्लेख कोठेंच नाहीं. हे सारे नात्याचे आणि वडीलपणाचे शब्द आहेत. घरांत वडील भाऊ धाकट्याला जसा मारीत नाहीं, तर धरून चालवितो, तेंच आखाड्यांत अपेक्षित आहे.

मग हेच शब्द आज बाजारांत असे कां झाले? ‘तो गल्लीचा दादा आहे’ म्हटलें म्हणजे गुंड समजावा. ‘मोठा वस्ताद आहे’ म्हटलें म्हणजे लबाड समजावा. आणि गुरु या पवित्र शब्दाला ‘घंटाल’ जोडून लोकांनीं त्याचीहि थट्टा केली आहे. शब्द आपोआप नासत नाहींत. ज्यांनीं अंगांतील विद्या दुबळ्यावर चालविली त्यांनीं दादा हा शब्द नासविला. ज्यांनीं कपट शिकविलें त्यांनीं वस्ताद हा शब्द नासविला. भाषा केवळ नोंद ठेवते.

आतां समुद्रापलीकडे जाऊं. सेन्सेई हा जपानी शब्द दोन चिनी अक्षरांनीं लिहितात. पहिल्या अक्षराचा अर्थ ‘आधीं’ आणि दुसऱ्याचा ‘जन्मलेला’. म्हणजे सेन्सेई शब्दशः आपला जेठीच होय! जपानांत हा शब्द कांहीं युद्धविद्येपुरता नाहीं. शाळेंतील शिक्षकास, डॉक्टरास, वकिलास सर्वांस तो लावतात. आणि एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: तेथें कोणी स्वतःस सेन्सेई म्हणवीत नाहीं. तो शब्द दुसऱ्यानें उच्चारावयाचा असतो.

काळ्या पट्ट्याविषयीं आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं तोकियोस आपली शाळा काढली, आणि पुढील वर्षीं शिष्यांना ‘दान’ म्हणजे पायरी देण्याची पद्धत घातली. कराटेची विद्या ओकिनावा बेटांतून १९२२ सालीं जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे गिचिन फुनाकोशी यांनीं ती पद्धत १९२४ पासून आपल्या शिष्यांस लागू केली. (हे दोघेहि पेशानें शिक्षक होते, हें आम्ही जरा अभिमानानेंच नमूद करितों.) काळ्या पट्ट्याची पहिली पायरी ‘शोदान’, तिचा अर्थच मुळीं आरंभाची पायरी असा आहे. मूळाक्षरें संपलीं, आतां वाचावयास लागावें, एवढाच त्याचा आशय. आपण मात्र काळा पट्टा म्हणजे विद्येचा शेवट समजतों, आणि तो बांधलेला अठरा वर्षांचा मुलगा शेजारच्या मुलांचा गुरु होऊन बसतो.

दान आणि पदवी या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हेंहि पालकांस ठाऊक असावें. दान हें अंगीं आलेल्या कसबाचें माप आहे. रेन्शी, क्योशी, हान्शी या शिक्षकपणाच्या पदव्या आहेत. त्यांचे अर्थ अनुक्रमें घांसून तयार झालेला, शिकविणारा, आणि आदर्श असे आहेत. शिहान म्हणजे आदर्श शिक्षक. आणि तायक्वांदोंत कोरियन लोक ज्याला साबॉम म्हणतात तो शब्दहि त्याच दोन चिनी अक्षरांचा, केवळ उच्चार निराळा. चिनी ‘सिफू’ ची एक अशी लेखनपद्धति आहे कीं तिच्यांत दुसरें अक्षर बाप या अर्थाचें येतें. केरळांत कळरिपयट्टु शिकविणारास गुरुक्कल म्हणतात, हें गुरु शब्दाचें आदरार्थी बहुवचन; तेथील ‘आशान’ हा शब्द आपल्या ‘आचार्य’ याचेंच रूप. आणि आचार्य कोण? यास्कानें निरुक्तांत त्याची फोड करितांना, जो आचार ग्रहण करवितो तो, हा अर्थ सर्वांआधीं दिला आहे.

मास्तर हा इंग्रजीवाटे आलेला शब्द असला तरी त्याचा पोर्तुगीज भाऊ ‘मेस्त्रे’ आपल्याकडे त्याच्याहि आधीं आला आणि गवंडी-सुतारांचा मिस्तरी झाला. ब्राझील देशांत कापोएरा नांवाची लढण्याची विद्या आहे; तिच्या गुरूला आजहि मेस्त्रे म्हणतात. कोच या शब्दाची कथा तर गमतीची आहे. हंगेरींतील कोच नांवाच्या खेड्यांत चांगल्या घोडागाड्या होत. त्यावरून गाडीला तें नांव पडलें, आणि विद्यार्थ्याला परीक्षेच्या पार ओढून नेणाऱ्या खासगी शिक्षकाला इंग्लंडांतील कॉलेजांतल्या मुलांनीं थट्टेनें ‘गाडी’ म्हटलें. आजहि कित्येक आईबाप फी भरून मुलाला गाडींत बसविल्याप्रमाणें वागतात, म्हणून हा शब्द अगदींच चुकीचा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां एका जुन्या म्हणीकडे येऊं. वस्ताद सगळे डाव शिकवितो, पण एक डाव राखून ठेवतो, असें लोक म्हणतात. याचें समर्थनहि केलें जातें: शिष्य उन्मत्त झाला तर त्याला आवरण्यास गुरूच्या हातीं कांहीं तरी असावें. आम्हांस हें पूर्णपणें पटत नाहीं. शाळेचा शिक्षक गणिताची एक रीत राखून ठेवूं लागला तर विद्या पिढीगणिक एकेक डावानें कमी होत जाईल. द्रोणाचार्यांनीं तर एकलव्याचा अंगठाच मागून घेतला. आणि तरीहि खेळांतील उत्तम शिक्षकांस भारत सरकारनें १९८५ पासून जो पुरस्कार ठेविला आहे, त्याला त्यांचेंच नांव आहे. पहिल्याच वर्षीं तो कुस्तीचे शिक्षक भालचंद्र भास्कर भागवत यांस मिळाला. पुरस्कार योग्य हातीं गेला, परंतु नांव निवडणारांस महाभारताचें आदिपर्व पुन्हां वाचावयास सांगावें असें आमच्या मनांत येतें.

सुदैवानें ही राखून ठेवण्याची रीत मोडणारे पुरुष मराठी मुलखांतच झाले. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनीं ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध करून गुप्त समजले जाणारे डाव सर्वांपुढें मांडले. आमच्या वऱ्हाडांत अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. त्या मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं जाऊन देशी खेळ व व्यायाम दाखवून आलें. मंडळानें शिक्षक तयार करण्याचे अभ्यासक्रम चालविले व उत्तीर्ण होणारांस ‘व्यायामविशारद’ अशी पदवी दिली. अशा रीतीनें लोकांच्या तोंडून मिळणाऱ्या वस्ताद या पदवीशेजारीं परीक्षेनें मिळणारी पदवी येऊन बसली. हें होणें आवश्यक होतें. शरीराची रचना, दुखापतीवरील पहिला उपचार, वयाप्रमाणें व्यायामाचें प्रमाण, या गोष्टी नुसत्या अनुभवावर सोडतां येत नाहींत. परंतु कागदावरची पदवी परीक्षेच्या दिवसापुरतें सांगते. त्यानंतरचें शिष्यांनीं सांगावयाचें असतें.

हें सर्व आम्ही कां लिहितों? आमच्या परिचयांतील एका मुलाचा हात अशाच एका वर्गांत सरावाच्या वेळीं मोडला. समोर उभा केलेला मुलगा वजनानें त्याच्या जवळ जवळ दीडपट होता. फलकावर शिक्षकाच्या नांवाभोंवतीं चार पदव्या होत्या. त्यांतील एकहि त्या संध्याकाळीं मुलाच्या घरापर्यंत आली नाहीं. मुलाच्या वडिलांनीं आम्हांस विचारलें, ‘मास्तर, एवढ्या मोठ्या पदव्यांचा माणूस, आम्ही काय तपासणार?’ त्यांचा दोष आम्ही मानीत नाहीं. परका शब्द वाचून कोणीहि दबतो. परंतु तपासण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यास जपानी भाषा यावी लागत नाहीं. एक दिवस वर्गाच्या कडेला जाऊन बसावें. शिक्षक जोड कशी लावतो, ‘थांबा’ म्हणतांच मुलें थांबतात काय, धाकट्यांस शिकविण्यास तो स्वतः उतरतो कीं पट्टेवाल्या पोरांवर सोडून देतो, मुलींशीं व दुबळ्या मुलांशीं त्याची भाषा कशी आहे, हें पाहावें. तो कोणापाशीं शिकला हें त्यास विचारावें. खऱ्या शिष्यास गुरूचें नांव सांगतांना आनंदच होतो. आणि त्याच्याकडे पांच वर्षें शिकलेल्या मुलांशीं बोलावें. काळ्या पट्ट्याची मुदत जो आधींच सांगतो व तिची किंमतहि आधींच सांगतो, त्याच्या फलकावर कोणताहि शब्द असला तरी त्याचें खरें नांव दुकानदार.

मुलांच्या प्रश्नांत आणखी एक लहानसा प्रश्न होता, तो राहिला. कराटेच्या शिक्षकास हाक कशी मारावी? जपानी रीतीप्रमाणें आधीं नांव व मागून सेन्सेई असें म्हणतात: फुनाकोशी सेन्सेई, कानो सेन्सेई. नांवाच्या आधीं ‘सेन्सेई’ लावण्याची आपल्याकडील फलकांवरची रीत इंग्रजी ‘मिस्टर’ च्या धर्तीवर निघालेली दिसते. मराठी मुलास खरी रीत अवघड वाटूं नये, कारण ती आपलीच आहे. आपणहि लहुजी वस्ताद असेंच म्हणतों.